शांतिसेनेचे उघडे फाटक
(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

शांतिसेना म्हटली की निळी शिरस्त्राणे आणि पांढरी वाहने आठवतात. पण संयुक्त राष्ट्रांकडे स्वतःचे सैन्य नाही. सुरक्षा परिषद ठराव करते आणि भारत, नेपाळ, बांगलादेश, रवांडा यांसारखे देश आपले जवान पाठवतात. या सेनेची पथ्ये तीन : संबंधित पक्षांची संमती हवी, कुणाची बाजू घ्यायची नाही आणि स्वसंरक्षण किंवा सोपवलेली कामगिरी याखेरीज बळ वापरायचे नाही. यादवी पेटली की ही पथ्ये पाळणे किती अवघड होते, ते दक्षिण सुदानमध्ये दिसले.

हा देश ९ जुलै २०११ रोजी स्वतंत्र झाला. नव्या राज्यकारभाराची घडी बसवण्यास मदत करण्यासाठी शांतिसेना तेथे गेली. १५ डिसेंबर २०१३ रोजी राजधानी जुबामध्ये अध्यक्ष साल्वा कीर आणि माजी उपाध्यक्ष रिक मशार यांच्या बाजूचे सैनिक एकमेकांवर तुटून पडले. कीर डिंका जमातीचे, मशार नुएर जमातीचे. सत्तेचे भांडण बघता बघता जमातींचे झाले. हजारो माणसे जीव मुठीत धरून शांतिसेनेच्या तळांकडे धावली. हे तळ निर्वासितांसाठी बांधलेले नव्हते. तरीही त्यांची फाटके उघडली गेली.

त्याची किंमत चारच दिवसांत मोजावी लागली. आकोबो येथील छोट्या तळावर काही डिंका नागरिकांनी आसरा घेतला होता. १९ डिसेंबरला सुमारे २,००० सशस्त्र नुएर तरुण त्यावर चालून आले. दोन भारतीय जवान आणि आश्रयाला आलेले अनेकजण मारले गेले. तिकडे जुबाच्या तळावर आश्रय घेतलेले बहुतेक लोक नुएर होते. त्यामुळे शांतिसेना बंडखोरांना पाठीशी घालते, असा आरोप सरकारपक्षाकडून झाला. निःपक्षपाती राहायचे म्हणजे दोघांचाही रोष ओढवून घ्यायचा, असा हा पेच होता.

मे २०१४ मध्ये सुरक्षा परिषदेने नागरिकांचे रक्षण हेच या सेनेचे पहिले काम ठरवले. पण ठरावाने सगळे साधत नाही. फेब्रुवारी २०१६ मध्ये मलाकल येथील तळावर हल्ला झाला. किमान ३० जण मारले गेले आणि सैनिक वेळेवर पुढे सरसावले नाहीत, असा ठपका चौकशीत आला. नियमांनी बळ वापरण्याची मुभा असतानाही लेखी परवानगी मागितली गेली होती. परक्या देशातील माणसांसाठी आपला जवान किती धोका पत्करील, हे शेवटी त्याला पाठवणाऱ्या देशाच्या मनावरही अवलंबून असते.

म्हणून ही सेना निरुपयोगी म्हणायची का? एके काळी तिच्या तळांवर २ लाखांहून अधिक लोक राहत होते. फाटके बंद राहिली असती, तर त्यांतले कितीजण वाचले असते?

मात्र तह करणे हे शांतिसेनेचे काम नव्हे. ते नेत्यांचेच. सप्टेंबर २०१८ मध्ये कीर आणि मशार यांनी करारावर सह्या केल्या, मशार पुन्हा सत्तेत आले. मार्च २०२५ मध्ये त्यांनाच स्थानबद्ध करण्यात आले. शांतिसेना फार तर वेळ मिळवून देते. तो सत्कारणी लावायचा की वाया घालवायचा, हे ज्यांच्या हाती असते, त्यांच्या डोक्यावर निळी शिरस्त्राणे नसतात.