जादा दात घराण्यात असतील तर

कायमचे दात 32. त्याहून जास्त आलेला दात बहुधा वरच्या दोन पुढच्या दातांमध्ये असतो: लहानसा, टोकाकडे निमुळता, कधी हिरडीतच दडलेला. मुलग्यांत हे प्रमाण मुलींच्या सुमारे दुप्पट. आईवडिलांना किंवा भावंडांना असा दात असेल, तर दंतवैद्यांना आवर्जून सांगा. पुढचा एक दात आला आणि शेजारचा सहा महिने उलटूनही आला नाही, तर ‘येईल हळूहळू’ म्हणत बसू नका, एक्स-रे काढाच. वाट अडवणारा दात भूल देऊन काढला की अडकलेला पुष्कळदा आपोआप उतरतो, नाहीतर तारेने ओढून घ्यावा लागतो. बरेच जादा दात आणि हासळीची हाडे अपुरी असतील, तर कारण आरयूएनएक्स2 जनुकातला दोष असू शकतो. तो प्रत्येक अपत्यात उतरण्याची शक्यता 50 टक्के.