पडद्यावरील पोथी : छायाचित्रातील उजेड आणि रंग

‘हरताळ फासणे’ हा वाक्प्रचार आपल्या परिचयाचा आहे. जुन्या पोथ्यांत लेखनिकाची चूक झाली, की त्या अक्षरांवर हरताळ या पिवळ्या खनिजाचा लेप देत. दंड, ओवीक्रमांक, समाप्तीचे शब्द पुष्कळदा लाल शाईने लिहिलेले आढळतात. म्हणजेच पोथीतील रंग हा शोभेचा भाग नसून पाठाचाच भाग असतो. अशा पोथीच्या छायाचित्रात कागद अवाजवी पिवळा दिसू लागला, तर हरताळ त्यात बुडून जातो आणि लेखनिकाने कोठे दुरुस्ती केली, हे पाठचिकित्सा करणाऱ्याला कळत नाही.

असे का घडते? संगणक प्रत्येक बिंदूचा रंग लाल, हिरवा व निळा यांच्या ० ते २५५ या आकड्यांत साठवतो. परंतु ‘लाल २००’ म्हणजे नेमका कोणता लाल, हे आकडा सांगत नाही. नुसते ‘पाच’ म्हटल्याने शेर की किलो हे कळत नाही, तसेच हे. आकड्याला अर्थ देणाऱ्या मोजपट्टीस ‘रंगावकाश’ म्हणतात. १९९६ मध्ये ह्यूलेट-पॅकार्ड व मायक्रोसॉफ्ट यांनी मांडलेला ‘एसआरजीबी’ हा रंगावकाश १९९९ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक झाला व महाजालावर तोच रूढ आहे. कॅमेऱ्यात त्याहून विस्तृत असा ‘अडोबी आरजीबी’ निवडलेला असेल आणि त्याची नोंद, म्हणजे प्रोफाइल, फाइलसोबत गेली नाही, तर ते आकडे सामान्यतः एसआरजीबीचे म्हणूनच वाचले जातात. मग लाल शाई निस्तेज दिसते. यासाठी छायाचित्र एसआरजीबीत रूपांतरित करून, प्रोफाइलसह जतन करावे.

उजेडाचा प्रश्न मात्र त्याआधीच, छायाचित्र घेताना सुरू होतो. स्वयंचलित कॅमेरा प्रत्येक पानाचा निर्णय नव्याने घेतो. दाट लिहिलेले पान तो उजळ करतो, कोऱ्या समासांचे पान काळवंडतो. एकाच पोथीची दोन पाने मग दोन पोथ्यांची वाटतात. म्हणून उजेड एकाच प्रकारचा ठेवावा (खिडकीचा प्रकाश आणि ट्यूबलाइट एकत्र नकोत), एक्स्पोजर व व्हाइट बॅलन्स हाताने ठरवून सर्व पानांसाठी तेच कायम ठेवावेत. पानाशेजारी करडे कार्ड किंवा रंगपट्टी ठेवून तीही चित्रात येऊ द्यावी. ‘फोटो उठावदार करा’ असे सुचविणाऱ्या बटणाचा मोह येथे टाळलेलाच बरा.

वाचकाचा पडदा मात्र आपल्या हाती नसतो. कोणी रात्रीचा पिवळसर प्रकाश सुरू ठेवतो, कोणी उजेड कमी करतो. अशा वेळी चित्रातील ती करडी पट्टीच उपयोगी पडते. ती पिवळी दिसली, तर पोथीचा कागदही आहे त्याहून पिवळा दिसत आहे, हे वाचकाच्या ध्यानात येते.

स्वाध्याय : घरातील एखाद्या जुन्या पुस्तकाची तीन पाने प्रथम स्वयंचलित पद्धतीने व नंतर एकच मांडणी कायम ठेवून टिपा. दोन्ही संच दोन वेगळ्या मोबाइलवर पाहून कागद व शाई यांच्या रंगांत पडलेला फरक आपल्या शब्दांत लिहा.