धाप लावणारे छुपे रुस्तम

मूल मजेत खेळत असतं आणि एकाएकी छातीत घरघर सुरू होते. दम्याचा ॲटॅक आभाळातून पडल्यासारखा वाटतो, पण त्यामागे बहुतेकदा काहीतरी कारण असतं. दमेकरी मुलांच्या श्वासनलिका मुळातच सुजलेल्या आणि हळव्या असतात. नको ती गोष्ट श्वासात गेली की त्या आणखी आवळतात. काहींना एक गोष्ट बाधते, काहींना दुसरीच. आपल्या मुलाला काय बाधतं ते कळलं, की अर्धी लढाई जिंकली!

गादीतला भाडेकरू
धुळीतला माइट नावाचा जीव जेमतेम पाव मिलिमीटरचा. तो चावत नाही आणि पाणीही पीत नाही. हवेतला ओलावा शोषून घेतो आणि आपल्या त्वचेच्या गळालेल्या कणांवर जगतो. म्हणून दमट हवा त्याला फार मानवते. त्रास होतो तो मुख्यतः त्याच्या विष्ठेचा. घरातल्या धुळीच्या ॲलर्जीमागे हा प्राणी आहे, हे नेदरलँड्समधल्या लायडनच्या संशोधकांनी १९६४ साली दाखवून दिलं. चादरी आणि अभ्रे दर आठवड्याला ६० अंश सेल्सिअसच्या पाण्यात धुतले, की त्याचा मुक्काम हलतो.

मांजर घरी, ॲलर्जी वर्गात
मांजराच्या ॲलर्जीचं मूळ केसात नसून लाळेत आणि त्वचेतल्या ग्रंथींत असतं. तिथलं प्रथिन वाळून हवेत उडतं आणि कपड्यांना चिकटतं. त्यामुळे ज्या वर्गात मांजर कधी फिरकलंही नाही, तिथेही ते मांजर पाळणाऱ्या मुलांच्या कपड्यांवरून पोचतं.

झुरळ गेलं, खुणा राहिल्या
झुरळाची विष्ठा आणि शरीराचे तुकडे धुळीत मिसळतात. अमेरिकेतल्या मोठ्या शहरांतल्या गरीब वस्त्यांमधल्या मुलांचा अभ्यास १९९७ साली प्रसिद्ध झाला. ज्यांना झुरळाची ॲलर्जी होती आणि घरातही झुरळांचे अंश भरपूर होते, त्या मुलांना दम्यासाठी इस्पितळात दाखल करण्याची वेळ इतरांपेक्षा तिपटीहून जास्त आली. म्हणून रात्री खरकटी भांडी ठेवू नका, कचऱ्याचा डबा झाकून ठेवा.

डास पळाले, धूर राहिला
बंद खोलीत मच्छर कॉइल लावून मुलांना झोपवताय? एका कॉइलमधून ७५ ते १३७ सिगारेटींइतके अतिसूक्ष्म कण बाहेर पडतात, असं २००३ सालच्या एका अभ्यासात आढळलं. आपली जुनी मच्छरदाणी यापेक्षा लाखपटीने बरी.

आवाज शून्य, धूर अफाट
दिवाळीत लहानग्यांच्या हाती बिनधास्त दिली जाते ती नागगोळी. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनने २०१६ साली फटाके पेटवून धूर मोजला, तेव्हा अतिसूक्ष्म कणांत नागगोळीचा पहिला नंबर आला. हजारच्या माळेलाही तिने मागे टाकलं! फुलबाजीचा धूरही कमी नव्हता. आणि मूल हे सगळं पेटवतं ते तोंड जवळ नेऊनच.

विजांच्या कडकडाटात
२१ नोव्हेंबर २०१६ रोजी ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नवर वादळ आलं. रायगवताचे परागकण ओलाव्याने फुगून फुटले. एरवी नाकातच अडकणारे हे कण बारीक होऊन थेट फुप्फुसात शिरले. हजारो लोकांनी इस्पितळं गाठली, दहा जणांचा जीव गेला. आता तिथे हवामानासोबत ‘वादळी दम्या’चाही अंदाज जाहीर होतो.

कायद्याने दिला श्वास
स्कॉटलंडने मार्च २००६ मध्ये बंदिस्त सार्वजनिक जागांत धूम्रपानाला बंदी केली. त्याआधी दम्यामुळे इस्पितळात दाखल होणारी मुलं दरवर्षी सुमारे ५ टक्क्यांनी वाढत होती. बंदीनंतर हे प्रमाण वर्षाला सुमारे १८ टक्क्यांनी घटू लागलं. मोठ्यांनी विडी-सिगारेट विझवली आणि मुलांना मोकळा श्वास मिळाला.

आता तुमची पाळी
धाप कधी लागली, तेव्हा मूल कुठे होतं, आजूबाजूला काय जळत, उडत किंवा झाडलं जात होतं, ते वहीत टिपून ठेवा आणि ती वही डॉक्टरांना दाखवा. बरं वाटतंय म्हणून दम्याचा पंप (इनहेलर) स्वतःहून बंद करू नका; पंपाची सवय लागते ही निव्वळ अफवा आहे. धापेमुळे बोलता येईना किंवा ओठ निळसर दिसले, तर एक क्षणही न दवडता इस्पितळ गाठा. दमा असलेलं मूल धावू शकतं, पोहू शकतं, मैदानही गाजवू शकतं. त्याच्या भोवतालची हवा स्वच्छ ठेवणं मात्र आपल्या मोठ्यांचं काम आहे.