भाताच्या मुलखातील ग्लुटेन-मुक्त न्याहारी

छत्तीसगडच्या दुर्ग जिल्ह्यातील अहिवारा हे गाव भिलाई पोलाद कारखान्याच्या नंदिनी चुनखडी खाणींशेजारी वसलेले आहे. खाणींचा टापू ओलांडला की सर्वत्र भातशेती. मराठी घरांतील रविवारची भरपेट न्याहारी म्हणजे उपमा, शिरा किंवा थालीपीठ. घरात सिलिअ‍ॅक रोगाचा रुग्ण असल्यास हे तिन्ही पदार्थ वर्ज्य ठरतात; कारण रवा गव्हाचा असतो आणि प्रचलित भाजणीतही गहू असतो.

गहू, जव व राय या धान्यांतील ग्लुटेनमुळे या रुग्णांच्या लहान आतड्याच्या अस्तराला इजा होते. मुलांची वाढ खुंटणे, दीर्घकाळ जुलाब आणि औषधाने न हटणारा रक्तक्षय ही त्याची प्रमुख लक्षणे होत. उत्तर भारतातील पाहण्यांत हे प्रमाण साधारणतः शंभरात एक आढळले आहे. मात्र तपासणीपूर्वी गहू बंद करू नये. तसे केल्यास रक्तचाचणीचा निष्कर्ष फसवा येऊ शकतो.

स्थानिक पदार्थांची न्याहारी (४ व्यक्तींसाठी)

चिला : २ वाट्या तांदळाचे पीठ, मीठ, मिरची व कोथिंबीर पाण्यात पातळ कालवून तापलेल्या तव्यावर पसरावे. कोकणातील घावनाचा हा सख्खा भाऊच होय.

फरा : १ वाटी शिजलेला भात व १ वाटी तांदळाचे पीठ एकत्र मळून बोटाएवढ्या वळ्या कराव्यात. १५ मिनिटे वाफवून मोहरी, तीळ व कढीपत्त्याची फोडणी द्यावी.

बफौरी : १ वाटी हरभरा डाळ ४ तास भिजवून भरड वाटावी. आले, मिरची, कांदा व मीठ घालून गोळे करावेत व ते २० मिनिटे वाफवावेत. तांदळातील प्रथिनांची उणीव ही डाळ भरून काढते.

सोबत टोमॅटोची चटणी व दही द्यावे. उपमा हवाच असल्यास रव्याऐवजी कोदो, म्हणजेच आपला कोद्रा, वापरावा.

धोका गिरणीत

पदार्थ निर्धोक असले तरी पीठ तसे असेलच असे नाही. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या नियमानुसार ‘ग्लुटेन-मुक्त’ अन्नात प्रतिकिलो २० मिलिग्रॅमपेक्षा अधिक ग्लुटेन चालत नाही. गव्हाच्या पिठात ग्लुटेन ढोबळमानाने १० टक्के धरल्यास, ५० किलो तांदळाच्या पिठात केवळ १० ग्रॅम, म्हणजे चमचाभर कणीक मिसळली तरी ही मर्यादा गाठली जाते. गहू दळणाऱ्या गिरणीच्या जात्यात व पेटीत याहून कितीतरी अधिक पीठ अडकून राहते.

यास्तव तांदूळ निवडून, धुऊन, सावलीत वाळवून घरच्या मिक्सरवर दळावा. डाळीच्या पिठालाही हाच नियम लावावा. बाजारातील बांधानी हिंगात बहुधा मैदा असतो, तो टाळावा. चाळणी, पोळपाट, तवा व तळणीचे तेल स्वतंत्र ठेवावे. कणकेच्या हाताने चिल्याचे पीठ कालवू नये.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी

छत्तीसगडप्रमाणेच गोंदिया, भंडारा व गडचिरोली हे भाताचे जिल्हे आहेत. येथील महिला बचत गटांनी केवळ तांदूळ, कोदो व कुटकी यांसाठी स्वतंत्र गिरणी चालविल्यास रुग्णांची मोठी गरज भागेल. मात्र शुद्धतेची सुरुवात शेतापासूनच करावी लागेल. गव्हाची मळणी झालेले यंत्र, खळे व पोती न झाडता वापरू नयेत. गव्हाचे धान्य निराळ्या जागी साठवावे.

प्रत्येक खेपेचा नमुना प्रयोगशाळेत तपासल्याखेरीज पाकिटावर ‘ग्लुटेन-मुक्त’ असे छापू नये. ‘शुद्ध तांदळाचे पीठ’ या शब्दांवर सामान्य ग्राहक समाधानी होईल. रुग्णाच्या पालकाला मात्र तपासणीचा अहवालच दाखवावा लागेल. बचत गटाने खर्चाचा हिशेब मांडताना गिरणीच्या किमतीबरोबर या तपासणीचा खर्चही आरंभीच धरावा.