मरळीच्या डोक्यातला खडा

इतवाऱ्यात मासोळी घेताना परवा मी मरळीचं मुंडकं मधोमध फोडून मागितलं. "काऊन जी, रस्स्याले अख्खं नाही पायजे?" मासोळीवाल्या काकूंनी विचारलं, पण दिलं फोडून. मेंदूखाली, कवटीच्या तळाशी, दोन बाजूंना दोन पांढरे खडे होते. तांदळाच्या दाण्याएवढे, धुतल्यावर चिनी मातीसारखे चकचकीत. काकू म्हणाल्या, "हे त आमी फेकून देतो."

हा कर्णाश्म. त्याला कानाचं हाड म्हणतात, पण ते हाड नव्हे, बहुतांश चुन्याचा खडा आहे. माशाचं अंग जवळपास पाण्याइतकंच दाट, म्हणून आवाजाची लहर पाण्यासोबत माशालाही हलवते. जड खडा तेवढा मागे रेंगाळतो, त्याला लागून असलेले सूक्ष्म केस वाकतात आणि माशाला ऐकू येतं. खड्यावर रोज एक पातळ थर चढतो. जॉर्जो पॅनेला यांनी १९७१ मध्ये हे रोजचे थर दाखवून दिले. उपासमारीत शरीर खवल्यांतला चुनाही परत ओढून घेतं, या खड्याला मात्र हात लावत नाही.

मासा संपला तरी हा खडा गाळात उरू शकतो. आपण वऱ्हाडवाले ज्या काळ्या पाषाणात विहिरी खणतो, तो सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. तो एका दमात आला नाही. एक प्रवाह थंडावला की दुसरा येईपर्यंत खोलगट जागी तळी साचत, त्यांत मासे नांदत, आणि पुढचा प्रवाह तळ्याचा गाळ झाकून टाकी. नागपूरच्या टाकळीला आणि हैदराबादजवळच्या रंगापूरला असे थर आहेत. अख्खा मासा मिळणं नशिबाचं. चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावच्या, लाव्हाच्या बुडाशी असलेल्या लमेटा थरांतले मासे स्मिथ वुडवर्ड यांनी १९०८ मध्ये वर्णन केले, आणि एकाला नागपूरच्या हिस्लॉप यांचं नाव दिलं. एरवी हाती येतात ते विखुरलेले दात आणि खवले. त्यावरून घराणं कळतं, जात क्वचितच.

जात सांगतो तो खडा. त्याच्या आतल्या बाजूला एक खाच असते. ती किती लांब, पुढे कुठे उघडते, मागे सरळ जाते की वाकते, कडेला दाते आहेत का, पाठ फुगीर की सपाट, हे भिंगाखाली पाहायचं. पण पिल्लांचे खडे एकमेकांसारखे दिसतात, म्हणून लहानापासून मोठ्यापर्यंतची माळ लागते. शिवाय खडे मिळवण्यातच एक मेख आहे. दात सोडवायला दगड आम्लात टाकला की दात राहतात आणि खडे विरघळून जातात! गाळ पाण्यात भिजवून, बारीक चाळणीतून धुवून, एकेक कण वेचावा लागतो. हे काम ज्या चिकाटीनं केलं जातं, तिच्याबद्दल मला फार आदर आहे.

रंगापूरचे खडे आर. एस. राणा यांनी १९८८ मध्ये प्रसिद्ध केले. पुढे २००८ मध्ये बेल्जियमचे डर्क नोल्फ, स्वतः राणा आणि जी. व्ही. आर. प्रसाद यांनी दख्खनचे खडे नव्यानं तपासून नावांची फेरमांडणी केली. स्वतःचंच काम पुन्हा तपासायला बसणं मला नव्या नावापेक्षा मोठं वाटतं.

आपल्या मोर्शी तालुक्यातल्या सालबर्डीला डायनासोरची अंडी सापडली आणि अमरावती विद्यापीठाच्या भूशास्त्रज्ञांनी ती जगापुढे आणली. आपल्याकडे त्या काळचे मासेही शोधायचे तर आधी आजच्या माशांचे खडे जवळ हवेत, नाहीतर जुना खडा ताडून पाहणार कशाशी? पूर्णेतल्या, वर्धेतल्या प्रत्येक मासोळीचा खडा नाव, लांबी आणि तारीख लिहून ठेवला पाहिजे. माशाच्या कानात खड्यांच्या एकूण तीन जोड्या असतात, आणि शिंगाळ्यात तर मरळीपेक्षा वेगळीच जोडी मोठी असते.

मरळीचे दोन्ही खडे डबीत घातले आहेत. काकूंनी पुढच्या रविवारी शिंगाळ्याचं मुंडकं ठेवायचं कबूल केलंय.