वेगाला लागलेला विराम

पोलंडचा रॉबर्ट कुबित्सा हा २००८ मध्ये कॅनडाची फॉर्म्युला वन शर्यत जिंकणारा निष्णात चालक. ६ फेब्रुवारी २०११ रोजी, नवा हंगाम तोंडावर असताना, इटलीतील एका रॅलीत रस्त्याकडेचा लोखंडी कठडा त्याच्या गाडीत घुसला. उजवा हात तुटता तुटता वाचला. अनेक शस्त्रक्रिया झाल्या. पुढच्याच हिवाळ्यात, जानेवारी २०१२ मध्ये, बर्फावर घसरून त्याचा उजवा पाय पुन्हा मोडला. फॉर्म्युला वनमध्ये त्याचे पुनरागमन झाले ते थेट २०१९ साली.

जैन शास्त्रांनी साधूने समभावाने सहन करावयाचे २२ परीषह सांगितले आहेत. शीत आणि रोग हे त्यांपैकीच दोन. श्रावकाला साधूइतकी कठोर साधना साधत नाही. तरी आजारपणाचा हिवाळा त्याच्याही वाट्याला येतो. हौसेने घेतलेली स्पोर्ट्‌स कार कापडाखाली उभी राहते, किल्ली कपाटात पडते, पेढी मुलगा सांभाळतो आणि जीव मात्र चाकावर अडकलेला असतो.

अशा वेळी डॉक्टरांच्या अनुमतीपूर्वी गाडी बाहेर काढण्याचा मोह आवरणे, हा अपरिग्रहाचा घरगुती पाठच होय. त्यात अहिंसाही आहे. दुबळ्या पायाने ब्रेक वेळेवर दाबला गेला नाही, तर प्राण दुसऱ्या कुणाचे जातील.

२०२५ मध्ये कुबित्साने साथीदारांसह फेरारीतून ल मान्सची २४ तासांची शर्यत जिंकली. असा विजय प्रत्येकाच्या नशिबी नसतो. संयम मात्र प्रत्येकाच्या हाती असतो.