आठ वर्षांत बोटाचं एक पेर

अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोनात जून म्हणजे नुसती होरपळ. पाऊस तोंडावर आलेला असतो आणि नेमकं तेव्हाच सग्वारो निवडुंगाचं फळ पिकून उलतं. आत लालभडक गर, त्यात टाचणीच्या डोक्याएवढं काळं बी, एका फळात सुमारे २०००. तिथले तोहोनो ओओडम लोक लांब काठीनं ही फळं पाडतात. काठीही वाळलेल्या सग्वारोच्याच फासळ्यांची!

बी घेताना गर चाळणीत धुऊन काढायचा. चिकटून राहिला तर बुरशी ठरलेलीच. मग सावलीत वाळवायचं. पेरताना मात्र आपला हात सवयीनं माती लोटायला जातो, तो आवरावा. या बीला रुजायला उजेड लागतो. म्हणून ते जाडसर वाळू घातलेल्या मातीवर नुसतं भुरभुरायचं, कुंडी पाण्याच्या ताटलीत ठेवून खालून ओल द्यायची आणि वरून पारदर्शक प्लॅस्टिक ताणायचं. २५ अंशांच्या आसपास ऊब मिळाली की थोड्याच दिवसांत दोन गुबगुबीत दलं वर येतात, मधोमध काट्यांचा इवलासा झुबका.

वाळवंटातलं रोप म्हणून त्याला भर उन्हात ठेवणं हा शुद्ध अत्याचार. रानातसुद्धा कोवळे सग्वारो जगतात ते बहुधा पालो वेर्दे किंवा मेस्किट या झाडांच्या सावलीत. तिथंही पहिल्या आठ वर्षांत वाढ जेमतेम इंच-दीड इंच. फांद्या फुटायला साधारण ५० ते ७५ वर्षं. उतावळ्यांनी फड्या निवडुंगाचं पान खोचावं.